साडेचार मिलिमीटर: जालन्यात पहिली पीसीपी घेताना

पहिली पीसीपी एअर रायफल कोणत्या बोरची, म्हणजे नळीच्या आतल्या किती व्यासाची, घ्यावी, यावर जगभरच्या हौशी नेमबाजांत वर्षानुवर्षं वाद चालू आहे. ४.५ म्हणणारे एका बाजूला, ५.५ म्हणणारे दुसऱ्या बाजूला आणि ६.३५ वाले दोघांनाही हसणारे. जालना, भोकरदन किंवा परतूरमधला एखादा तरुण मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहतो आणि याच वादात ओढला जातो. पण इथे त्या वादाचा मोठा भाग आधीच निकाली निघालेला आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी विनापरवाना हवाई शस्त्रासाठी दोन मर्यादा आखल्या आहेत. बोर ४.५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे ०.१७७ इंच, आणि नळीच्या तोंडाशी छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलपर्यंत. यातली एक जरी मर्यादा ओलांडली, तरी हातातली वस्तू परवान्याच्या कक्षेत जाते.

त्यामुळे ‘१७७ की २२?’, म्हणजे ४.५ की ५.५, हा प्रश्न आपल्याकडे ‘बिनपरवाना की परवाना?’ असा होतो. दुकानात ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन ४.५ ची रायफल घरी आणता येते. ५.५ साठी शस्त्र परवान्याचा अर्ज, पोलिसांची चौकशी आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांचा निर्णय ही सगळी वाट चालावी लागते. गावठी पिस्तुलाच्या बातम्या वाचणाऱ्या अधिकाऱ्याला फुग्याच्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या वस्तूसाठी परवाना का हवा, हे पटवणं सोपं नाही. पहिल्या रायफलसाठी त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. परदेशी संकेतस्थळावरून ५.५ ची रायफल मागवण्याची आयडिया तर त्याहून वाईट. हवाई शस्त्रांच्या आयातीवर निर्बंध आहेत, आणि असं पार्सल बहुधा कस्टम्समध्येच अडकतं.

आता जे परदेशी लोक ५.५ च्या बाजूने बोलतात, त्यांचं म्हणणं खोटं आहे का? अजिबात नाही. ते त्यांच्या ठिकाणी बरोबर आहे, आणि का बरोबर आहे हे समजलं की आपल्याला ते का लागू पडत नाही हेही कळतं.

पीसीपी म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल. जुन्या एअरगनमध्ये नळी मोडून स्प्रिंग ताणायची, ट्रिगर दाबला की ती सुटते आणि पिस्टन हवा ढकलतो. राजूरच्या गणपतीला किंवा अंबडच्या मत्स्योदरीच्या नवरात्रात फुगे फोडायला दहा-वीस रुपयांत जी बंदूक हाती येते, ती ही. पीसीपीत पिस्टन नसतो. नळीखालच्या टाकीत २०० बारच्या आसपास दाबाची हवा असते आणि ट्रिगर दाबला की एक व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो. धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे नेम धरायला स्प्रिंगच्या बंदुकीपेक्षा ती कितीतरी सोपी. कल्पना नवी नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस जिरार्दोनीने बनवलेली हवेची रायफल वापरली होती. तिचा दस्ता हाच हवेचा हंडा होता आणि तो भरायला पंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत. तिचा बोर मात्र अकरा मिलिमीटरहून मोठा होता, कारण तिच्या समोर कागद नव्हता, माणूस होता.

व्हॉल्व्ह उघडला की हवा छर्ऱ्याच्या पाठीवर दाब देते. जितकी पाठ मोठी, तितका जोर जास्त. ४.५ च्या नळीचं आडवं क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस मिलिमीटर, ५.५ चं जवळपास २४, आणि ६.३५ चं बत्तीसच्या जवळ. म्हणजे त्याच दाबाच्या हवेतून ५.५ ची नळी दीडपट आणि ६.३५ ची दुप्पट जोर काढते. हवेचा खर्च तेवढाच, काम जास्त. जिथे ऊर्जेला कायद्याची फारशी मर्यादा नाही, अशा अमेरिकेत मोठा बोर म्हणजे सरळ फायदा. तिथल्या माणसाला ५.५ घे असं सांगणं म्हणजे इथल्या शेतकऱ्याला पाणी असेल तर ठिबक कर असं सांगण्यासारखं आहे, पण पाणी असेल तर.

आपल्याकडे पाणी २० जूलचं. त्या मर्यादेत तिन्ही बोर एका रेषेत उभे केले तर चित्र वेगळं दिसतं. ४.५ चा साधा छर्रा सुमारे ०.५५ ग्रॅमचा. त्याला २० जूल दिले तर तो सेकंदाला २७० मीटरने सुटतो. ५.५ चा छर्रा एक ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच ऊर्जेत तो २०० मीटरच्याही आतच राहतो. ६.३५ चा दीड ग्रॅमहून जड छर्रा १५० च्या थोडा वर. म्हणजे चाळीस मीटरवर जाईपर्यंत पहिला नळीच्या रेषेपासून साधारण वीतभरापेक्षा कमी खाली येतो, दुसरा वीतभराहून जास्त आणि तिसरा हातभराच्या जवळ. ज्याला अंतराचा अंदाज अजून नीट येत नाही, त्या नवशिक्यासाठी सपाट जाणारा छर्रा हाच खरा मित्र. ब्रिटनमध्ये परवान्याशिवाय एअर रायफलची मर्यादा १२ फूट-पाउंड आहे, म्हणजे १६ जूलच्या थोडी वर. तिथे बोरवर बंधन नाही, कोणताही घ्या. तरीही अंतर ओळखून लोखंडी पक्ष्या-प्राण्यांच्या आकृत्या पाडण्याच्या फील्ड टार्गेट स्पर्धेत ४.५ चंच राज्य आहे. मर्यादा कमी असली की लोक आपोआप ४.५ कडे वळतात, हा चांगला पुरावा. जर्मनी तर आणखी खाली आहे. तिथे बिनपरवान्याची मर्यादा साडेसात जूल, आणि अशा बंदुकीवर पंचकोनात ‘एफ’ ठोकलेला असतो.

४.५ वर दोन आक्षेप घेतले जातात. एक, हलका छर्रा वाऱ्यात जास्त सरकतो. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमधल्या दुपारच्या वाऱ्यात उघड्यावर नेम धरणाऱ्याला हे लगेच जाणवेल, पण सुमारे ०.६७ ग्रॅमचा जड ४.५ छर्रा घेतला तर फरक बराच मिटतो. दुसरा आक्षेप असा, की हवा जास्त खाते. हे खरं आहे. तेवढी ऊर्जा काढायला लहान नळीला हवा जास्त लागते, आणि हातपंपाने भरणाऱ्याच्या खांद्याला ते कळतं. पण ऊर्जा कमी ठेवली की हा आक्षेपही निवळतो, आणि ऊर्जा कमी ठेवावी असंच मला पुढे सुचवायचं आहे.

त्याआधी शेताचा विषय, कारण जालना जिल्ह्यात एअर रायफलबद्दल विचारणाऱ्यांतले बरेचजण त्याच कारणाने विचारतात. घनसावंगी-अंबडकडे गोदाकाठच्या पट्ट्यात रानडुकरं ऊस आणि मका आडवा करतात. भोकरदन-जाफराबादकडे रोही आणि हरणांचे कळप हरभऱ्यात उतरतात. ज्वारी दाण्यावर आली की राघूंचे थवे कणसं सोलतात. रात्रभर जागून डबे वाजवणाऱ्या माणसाला कोणीतरी सांगतं, पीसीपी घे, आवाज नाही, काडतूस नाही, परवाना नाही. आणि मग प्रश्न येतो, डुकराला कोणता बोर लागेल?

उत्तर असं, की २० जूलच्या आतला कोणताही बोर डुकराला लागत नाही. पॉइंट टू-टूच्या साध्या काडतुसाची ऊर्जा १४० जूलच्या आसपास असते, आणि रानडुकरासाठी तीसुद्धा पुरेशी मानली जात नाही. एअर रायफलचा छर्रा त्याच्या कातडीत अडकतो, जखम सडते, आणि चिडलेलं जनावर दुसऱ्या दिवशी कुणा मजुराच्या अंगावर जातं. क्रौर्य तर आहेच, पण गुन्हाही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. जखमी करणं, पकडणं, हाकलून घेरणं, तसा प्रयत्न करणं हे सगळं तिच्यात येतं. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, मोरही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, रोही, रानडुक्कर आणि आपला नेहमीचा राघू हे दुसऱ्या अनुसूचीत आहेत. पूर्वी कावळा, उंदीर यांसाठी उपद्रवी म्हणून वेगळी पाचवी अनुसूची होती, ती आता काढून टाकली आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन ते कमाल सात वर्षं कैद आहे. पिकांचं नुकसान होतंय हे खरं असलं, तरी त्याचा रस्ता वनविभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज आणि गरज पडली तर त्यांच्याच परवानगीने होणारी कारवाई हा आहे. कलेक्टर कचेरीतून आलेला बंदुकीचा परवानासुद्धा वन्यप्राणी मारायची मुभा देत नाही, मग बिनपरवान्याची एअर रायफल काय देणार?

तितर, लावा, पारवा यांच्या मागे एअरगन घेऊन हिंडण्याची गावाकडची जुनी सवय मी नाकारत नाही. अरुणाचल प्रदेशात हीच सवय इतकी बळावली, की मार्च २०२१ मध्ये सरकारनेच ‘एअरगन सरेंडर’ मोहीम काढली आणि लोकांनी हजारोंच्या संख्येने एअरगन जमा केल्या. ती वेळ आपल्यावर आलेली नाही, पण आपल्याकडेही तितर आता वीस वर्षांपूर्वीइतके दिसत नाहीत, हे कुणीही शेतकरी सांगेल.

म्हणजे शिकार बाद झाली. मग रायफल कशासाठी? कागदासाठी. आणि इथे ४.५ ला दुसरा उमेदवारच नाही.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या १० मीटर एअर रायफल प्रकारात बोर ४.५ मिलिमीटरच लागतो. लक्ष्य आहे साडेपंचेचाळीस मिलिमीटर व्यासाचं, त्यातला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा ठिपक्याला नुसता चाटून गेला तरी गुण मिळतो, म्हणून ५.५ चा छर्रा परवानगीत असता तर त्याला फुकटचा फायदा झाला असता. साठ गोळ्यांची फेरी असते, दशांशात मोजली तर जास्तीत जास्त ६५४ गुण. या प्रकारात २००८ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्राने सुवर्ण मिळवलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरोत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील जगज्जेता झाला. दोघांच्याही हातात ४.५ होती. अंजली भागवत, सुमा शिरूर या महाराष्ट्राच्या नेमबाजांनीही नाव केलं ते याच बोरवर.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ ला राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे कांस्यपदक घेऊन आला तेव्हा एक गोंधळ मात्र पसरला. त्याचा प्रकार ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, त्याची रायफल ५.६ मिलिमीटरची, पण काडतुसाची. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतचं २०१० चं म्युनिकमधलं विश्वविजेतेपदही अशाच ५० मीटरच्या काडतुसाच्या रायफलवर आहे. ‘स्वप्नीलची टू-टू’ आणि एअर रायफलची टू-टू या दोन वेगळ्या जगांतल्या वस्तू आहेत. दोन्हींना तोंडी एकच नाव पडलं म्हणून मुलाच्या हट्टापायी कुणी ५.५ ची एअर रायफल शोधत फिरू नये. काडतुसाच्या रायफलकडे जाणारेही बहुतेक जण १० मीटरच्या ४.५ वरूनच पुढे गेलेले असतात.

भारतात राज्य पातळीवरच्या स्पर्धांत ‘ओपन साइट’ आणि ‘पीप साइट’ असे वेगळे गट असतात, आणि देशी एअर रायफल घेऊन उतरणाऱ्या नवशिक्याला ओपन साइट गटात प्रवेश मिळतो. मुंबईच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनची कॅप्टन इझेकिएल स्मृती स्पर्धा ही त्यासाठी नेहमीची पहिली पायरी. त्यापुढे अखिल भारतीय जी. व्ही. मावळंकर स्पर्धा. हे मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे पहिले अध्यक्ष. जालन्यातून पुण्यातलं बालेवाडीचं क्रीडा संकुल तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. नेमबाज गगन नारंगची अकादमी २०११ मध्ये तिथेच सुरू झाली, आणि सुमा शिरूरचा क्लब पनवेलमध्ये. सुट्टीत महिनाभर तिथे राहून आलेली मुलं घरी परत येऊन कशावर सराव करतात, हा खरा प्रश्न आहे.

घरच्या सरावासाठी दहा मीटर जागा पुरते. मराठवाड्यात ती मिळणं अवघड नाही. जिनिंगचं रिकामं शेड, धान्याचं गोदाम, लांबट गच्ची, शेतातला गोठा. स्पर्धेच्या रायफलची ऊर्जा साडेसात जूलच्या आसपासच असते, ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरने. ऑलिंपिक एवढ्यात होतं, तर आपल्याला वीस जूल कशाला? वीस जूलचा छर्रा नेम चुकला तर दोन-तीनशे मीटर जातो. भरवस्तीत, शेजारच्या गच्चीवर पापड वाळत असताना तो जोर नकोच. म्हणून पहिली रायफल ४.५ ची, आणि तिची ऊर्जा दहाच्या आसपास राहील अशी. पाठीमागे चार-पाच मिलिमीटरची पोलादी पाटी खाली तिरपी ठेवावी म्हणजे छर्रा वाळूच्या ट्रेमध्ये पडेल, उलटा येणार नाही. सळयांच्या कारखान्यांच्या गावात असा तुकडा कुठल्याही भंगारवाल्याकडे किलोवर मिळतो.

पीसीपीची ऊर्जा आतल्या हॅमरच्या स्प्रिंगवर आणि व्हॉल्व्हवर ठरते, आणि काही रायफलींत एका स्क्रूने ती वाढवता येते. दुकानातून १८ जूलची घेतली आणि घरी आणून २५ ची केली, तर ती आता बिनपरवान्याची राहत नाही. बॉक्सवर काय छापलंय ते इथे कामाला येत नाही. त्यामुळे काही हजारांत मिळणारा वेग मोजायचा क्रोनोग्राफ घेऊन वजन-वेगाचं गणित स्वतः करावं. वस्तुमान किलोत, वेग सेकंदाला मीटरमध्ये, वेगाचा वर्ग करून वस्तुमानाने गुणायचं, आणि त्याचं निम्मं. शाळेतलं हे सूत्र इथे उपयोगी पडतं, म्हणून सांगितलं.

परवाना नसला तरी रायफल खांद्याला लटकावून गावात फिरायला मोकळीक आहे असंही समजू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात वरचेवर शस्त्रबंदीचे आदेश निघतात, आणि त्यात शारीरिक इजा करू शकणाऱ्या वस्तू नेण्यास मनाई असते. रायफल बंद केसमध्ये, पावतीसह, घरातून सरावाच्या जागेपर्यंत.

आता हवा. बोरच्या चर्चेत हिला फार कमी जागा मिळते, आणि जालन्यात तीच सगळ्यात धोक्याची आहे. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर आठ-दहा बार देतो, त्याने काही होत नाही. पीसीपीची टाकी भरायला २०० बार लागतात. दीडशे घनसेंटिमीटरची टाकी पूर्ण रिकामी असेल तर ती भरायला तीस लीटर मोकळी हवा आत ढकलावी लागते. शंभर बारपासून वर न्यायची तर पंधरा लीटर. हातपंप हे करू शकतो, वेळ लागतो आणि मध्ये थांबून पंप थंड होऊ द्यावा लागतो. कमी ऊर्जेवर ठेवलेल्या ४.५ ला एका भरण्यात बरेच छर्रे निघतात, म्हणून वर म्हटलं की हवा खाते हा आक्षेप निवळतो. पावसाळ्यात दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत उतरतं आणि आतून गंजवतं, तेव्हा पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर असलाच पाहिजे.

आणि ऑक्सिजन. हा शहराचा प्रश्न आहे. जालन्यात रोलिंग मिल आणि भंगार कापणारी गॅस कटिंगची दुकानं आहेत, ऑक्सिजनचे १५० बारचे सिलिंडर हातगाडीवर फिरताना दिसतात. कुणाला तरी सुचतंच, पंप कशाला मारायचा, एक नळी जोडू या. ऑक्सिजन दाबाखाली तेल आणि ग्रीसला भेटला की पेट घेतो, ठिणगीची वाट पाहत नाही. रायफलच्या आत रबरी सील असतात आणि त्यांना वंगण लावलेलं असतं. तिथे स्फोट नळीच्या दिशेने होत नाही, चेहऱ्याच्या दिशेने होतो, कारण रायफलचा मागचा भाग गालाला टेकलेला असतो. याबाबत कोणतीही तडजोड नाही. साधी हवा, कोरडी, एवढंच.

उन्हाचंही थोडं. पंचवीस अंशाला २०० बार भरलेली टाकी पंचेचाळीस अंशाला २१३ च्या आसपास जाते. मे महिन्यात बंद गाडीत आतलं तापमान पासष्टला पोहोचलं तर २२७. टाकीला याहून जास्त दाबाची चाचणी केलेली असते, पण जुन्या, गंजलेल्या टाकीवर विसंबून राहू नये. जर्मन स्पर्धेच्या रायफलींच्या सिलिंडरवर वापराची मुदत दहा वर्षं म्हणून कोरलेली असते, आणि ती सोयीची सूचना समजू नये.

देशी पीसीपी आता मिळतात. खोल भोकं पाडणाऱ्या यंत्रांच्या धंद्यातून आलेली महाराष्ट्रातलीच प्रेसिहोल कंपनी ४.५ च्या रायफली बनवते. बंदुकीची नळी हे मुळात एक लांब, सरळ, गुळगुळीत भोकच, तेव्हा या धंद्यातून कोणीतरी इकडे वळणं स्वाभाविक होतं. दुकानदार बहुधा दुर्बीण जोडून पॅकेज देतो. १० मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. तेवढ्या पैशांत छर्ऱ्यांचे डबे घ्यावेत.

बोर ४.५ ठरला तरी छर्ऱ्याची निवड उरतेच, आणि खरी बारकाई तिथे आहे. कागदासाठी सपाट टोकाचा छर्रा, कारण तो स्वच्छ गोल भोक पाडतो आणि गुण मोजणं सोपं जातं. गोल टोकाचा लांबवर चांगला, पण दहा मीटरला त्याचा काही फायदा नाही. चांगले उत्पादक डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ असे डोक्याचे व्यास छापतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने फरक पडतो यावर नवशिक्याचा विश्वास बसत नाही, पण एकाच रायफलला ४.५० मध्ये दहाचा ठिपका सापडतो आणि ४.५२ मध्ये भोकांचा गट दुप्पट पसरतो, हे अनेकांनी पाहिलेलं आहे. रायफल टेबलावर टेकवून, प्रत्येक डब्यातले दहा-दहा छर्रे वेगवेगळ्या कागदांवर मारायचे आणि गट मोजायचे. जो डबा सगळ्यात लहान गट देईल, त्याच लॉट नंबरचे आणखी डबे लगेच घेऊन ठेवायचे, कारण पुढच्या लॉटमध्ये साचा बदललेला असू शकतो. आणि हाताळून झालं की हात साबणाने धुवायचे, छर्रा शिशाचा असतो.